चलन व्यवहाराचे, मांडणी वाचणाऱ्याची

नवा संगणक सुरू केला की पहिल्या काही मिनिटांतच तो देश, भाषा आणि कळफलक विचारतो. बहुतेक जण आधीच निवडलेले असेल तेच ठेवून पुढे जातात, आणि पुष्कळ संगणकांवर ते 'इंग्लिश (युनायटेड स्टेट्स)' असते. त्या एका होकाराने बरेच काही ठरून जाते. पैशाचे चिन्ह डॉलर होते, संख्येत दर तीन आकड्यांनी स्वल्पविराम पडतो, तारखेत महिना आधी आणि दिवस नंतर येतो. पुढे मार्चअखेरीस गृहनिर्माण संस्थेचा सचिव किंवा पतसंस्थेतला लेखनिक एक्सेलमध्ये ताळेबंद मांडायला बसतो, तेव्हा साडेबारा लाखांची रक्कम १,२५०,००० अशी समोर येते आणि शून्यांवर बोट ठेवून ती वाचावी लागते.

संगणकाची ही प्रादेशिक सेटिंग्ज एकदा तंत्रज्ञाकडून लावून घेतली की विसरून जायची, असा आपला रिवाज आहे. तो बदलायला हवा, कारण या सेटिंग्जचा संबंध थेट हिशेबाशी आहे. संगणकावरच्या नोंदीत दोन प्रकारच्या गोष्टी असतात. काही वाचणाऱ्याच्या सोयीनुसार बदलल्या तरी चालतात, किंबहुना बदलायलाच हव्यात. स्वल्पविराम कुठे पडतो, अंक देवनागरी की आंतरराष्ट्रीय, महिन्याचे नाव मराठीत की इंग्रजीत, या त्या गोष्टी. दुसऱ्या प्रकारच्या गोष्टी कोणासाठीही बदलता कामा नयेत. रक्कम किती, कोणत्या चलनातली आणि व्यवहार कोणत्या दिवशी झाला, हे वाचणारा पुण्यात असो की डॅलसमध्ये, तेच राहिले पाहिजे. अनेक डेस्कटॉप प्रोग्रॅम या दोहोंची सरमिसळ करतात. एकदा भाषा किंवा देश निवडला की चलनही त्यातूनच ठरले, असे ते धरून चालतात.

आधी निरुपद्रवी बाजू पाहू. लाख-कोटींची विभागणी, म्हणजे पहिले तीन आकडे आणि मग दोन-दोन, ही भारतीय उपखंडातली रीत आहे आणि संगणकाला ती ठाऊक आहे. विंडोजच्या रीजन सेटिंगमध्ये 'इंग्लिश (इंडिया)' किंवा 'मराठी (इंडिया)' निवडले की एक्सेल आपोआप १२,५०,००० असे दाखवू लागते, कारण ही विभागणी एक्सेल विंडोजकडून घेते. लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये तर सेलच्या फॉरमॅट कोडमध्येच लाखाची विभागणी लिहिता येते. हे माहीत नसल्यामुळे कार्यालयांमध्ये एक अटींचा फॉरमॅट हातोहात फिरत असतो. रक्कम कोटीच्या वर असेल तर असे दाखव, लाखाच्या वर असेल तर तसे, अशा दोन अटी त्यात घातलेल्या असतात. एक्सेलच्या फॉरमॅटमध्ये दोनच अटी मावतात. त्यामुळे जमेच्या रकमा नीट दिसतात, पण तोट्याची ऋण रक्कम उरलेल्या तिसऱ्या भागात पडते आणि पुन्हा दशलक्षाच्या पद्धतीने छापली जाते. ज्या आकड्याकडे सभासदांनी सर्वांत बारकाईने पाहायचे, नेमका तोच वेगळ्या पद्धतीने लिहिलेला. विंडोजची सेटिंग दुरुस्त करणे हा यावरचा साधा आणि पुरता उपाय आहे.

रुपयाच्या चिन्हाचेही आता अडत नाही. १५ जुलै २०१० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने डी. उदय कुमार यांनी रेखाटलेले ₹ हे चिन्ह स्वीकारले आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये युनिकोडच्या ६.० आवृत्तीत त्याला स्वतंत्र जागा मिळाली. विंडोजच्या 'इंग्लिश (इंडिया)' कळफलकावर उजवा ऑल्ट आणि ४ दाबला की ते उमटते. 'रु.' जाऊन ₹ आले तेव्हा फक्त चिन्ह बदलले. शंभर रुपये शंभरच राहिले. चिन्ह बदलले तरी काही बिघडत नाही, असा समज आपल्याकडे रुजला असेल तर त्याचे एक कारण हे असावे.

प्रत्यक्षात बिघडते. एक्सेलमध्ये चलनाचे काही तयार फॉरमॅट असे आहेत की त्यांत कोणते चलन ते नोंदवलेलेच नसते, 'या संगणकाचे जे चलन असेल ते' एवढाच अर्थ असतो. अमेरिकेतल्या पुरवठादाराने ५,००० डॉलरचे देयक अशा फॉरमॅटमध्ये पाठवले आणि ते भारतीय सेटिंगच्या संगणकावर उघडले, तर तिथे ₹५,००० दिसू शकतात. आकडा तोच, किंमत निराळी. मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेटवर लिहिलेल्या हजारो डेस्कटॉप प्रोग्रॅममध्ये हाच धोका आहे. तिथे रक्कम 'चलन म्हणून दाखव' असे एका अक्षराने सांगता येते आणि चिन्ह घेतले जाते ते वापरणाऱ्याच्या सेटिंगमधून. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्या संगणकावर ते बरोबर दिसते, म्हणून चाचणीत चूक सापडत नाही. लिब्रेऑफिसही मूळ चलन स्थानिक सेटिंगवरून ठरवते. तेथील मूळ चलन बदलले की उघड्या असलेल्या सगळ्या दस्तऐवजांतल्या चलनाच्या बटणांवर आणि खिडक्यांवर त्याचा परिणाम होतो. निदान ही गोष्ट त्यांच्या मदतपानावर स्पष्ट लिहिलेली आहे.

देश न बदलताही हे घडू शकते, याचे चांगले उदाहरण क्रोएशियाचे आहे. १ जानेवारी २०२३ रोजी त्या देशाने कुना सोडून युरो स्वीकारला. दर ठरला एका युरोला ७.५३४५० कुना. त्यानंतर संगणकप्रणालींच्या स्थानिक माहितीतही क्रोएशियाचे चलन कुना काढून युरो करण्यात आले, आणि ते योग्यच होते. पण ज्या जुन्या फाइलींमध्ये रकमेसोबत चलन नोंदलेले नव्हते, ज्या फक्त 'स्थानिक चलन' म्हणत होत्या, त्यांतली २०१९ सालची ७,५०० कुनांची नोंद अद्ययावत संगणकावर ७,५०० युरोंची दिसणार. वापरणारा त्याच टेबलापाशी बसलेला आहे, भाषा तीच आहे, फाइलला कोणी हातही लावलेला नाही, तरी नोंद साडेसात पटींनी मोठी झाली. चलन हा व्यवहाराचा भाग आहे, पाहणाऱ्याच्या संगणकाचा नव्हे, हे याहून स्पष्टपणे सांगणारी घटना आम्हांला ठाऊक नाही.

हे टाळण्याची साधने फार पूर्वीपासून आहेत. प्रत्येक चलनाला तीन अक्षरांचे आंतरराष्ट्रीय संकेतनाम आहे. रुपयाचे आयएनआर, अमेरिकी डॉलरचे यूएसडी. ऑस्ट्रेलिया, कॅनडा, सिंगापूर आणि हाँगकाँग यांचेही डॉलरच आहेत, त्यामुळे नुसत्या चिन्हावर विसंबताच येत नाही. जावास्क्रिप्ट भाषेच्या प्रमाणकाने या बाबतीत योग्य भूमिका घेतली आहे. तिथे रक्कम चलन म्हणून दाखवायची असेल तर कोणते चलन ते सांगावेच लागते. न सांगितल्यास ती भाषा अंदाज करत नाही, चूक दाखवून थांबते. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला क्षणभर त्रास होतो, पण हिशेब सुरक्षित राहतो. सगळ्या डेस्कटॉप साधनांनी हाच नियम पाळावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

चलनाबरोबर त्याचे दशांशही येतात. रुपयाचे शंभर पैसे, म्हणून दोन दशांश स्थळे, हे आपल्याला इतके सवयीचे आहे की जगभर तसेच असणार असे वाटते. आपल्याकडे ही व्यवस्था १ एप्रिल १९५७ पासूनची आहे. त्याआधी रुपयाचे सोळा आणे होते. जपानी येनला व्यवहारात दशांश स्थळच नाही. कुवेती दिनाराला तीन आहेत, कारण एका दिनाराचे हजार फिल्स होतात. बहरीनचा दिनार आणि ओमानचा रियालही तसेच. १९६१ पर्यंत कुवेतमध्ये रुपयाच चालत होता, आणि आज आखातात हजारो मराठी माणसे नोकरी करतात. तिथल्या पगाराची नोंद घरच्या हिशेबात करताना प्रोग्रॅम दोन दशांशांवर अडला, तर प्रत्येक नोंदीत काही फिल्स गळतात आणि वर्षअखेरीस बेरीज बँकेच्या पुस्तकाशी जुळत नाही. चलन बदलले की दशांश स्थळेही त्या चलनाप्रमाणे बदलावीत, हे काम प्रोग्रॅमचे आहे.

तारखेचा घोळ याहून छुपा असतो. संगणक अमेरिकी सेटिंगवर असताना एक्सेलमध्ये १३/०४/२०२५ असे टाइप केले, तर तेरावा महिना नसल्यामुळे एक्सेल ती तारीख मानत नाही. ती साधा मजकूर म्हणून सेलच्या डाव्या कडेला चिकटून राहते, आणि नजर तिथे अडखळते तरी. पण ०५/०४/२०२५ टाइप केले की एक्सेल ती ४ मे धरते आणि पुन्हा ५/४/२०२५ अशीच दाखवते. डोळ्याला काही बदललेले दिसत नाही. बँकेच्या संकेतस्थळावरून उतरवलेली खातेउताऱ्याची फाइल अशा संगणकावर थेट उघडली, तर प्रत्येक महिन्यातल्या पहिल्या बारा दिवसांच्या तारखा महिना-दिवस उलटून आत शिरतात आणि उरलेल्या मजकूर होऊन पडतात. एप्रिलमधला खर्च मेमध्ये जातो. ३ फेब्रुवारीचा व्यवहार २ मार्चचा होतो. ५ मार्चचा ३ मेचा झाला तर तो आर्थिक वर्षाबाहेरच फेकला जातो. लेखापरीक्षकाच्या हाती हा हिशेब जातो तेव्हा चूक माणसाची समजली जाते. चलनाच्या चुकीपेक्षा ही आम्हांला अधिक धोक्याची वाटते, कारण ती पाहून कळत नाही, क्रमवारी लावल्यावर किंवा महिन्यावार बेरीज घेतल्यावरच उघड होते.

स्प्रेडशीटच्या या मनमानी अंदाजांपुढे शास्त्रज्ञांनाही हात टेकावे लागले आहेत. मानवी जनुकांना नावे देणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने २०२० मध्ये काही जनुकांची नावेच बदलली, कारण 'मार्च १' किंवा 'सेप्ट १' असे वाचले जाणारे संक्षेप एक्सेल तारखा समजून बदलत होते. जनुकाचे नाव बदलता येते. व्यवहाराची तारीख बदलता येत नाही. लिब्रेऑफिसमध्ये तारीख कोणत्या क्रमाने लिहिली तर स्वीकारायची, हे भाषेच्या सेटिंगमध्ये वेगळे नोंदवता येते. एक्सेलमध्ये बाहेरची फाइल थेट न उघडता डेटा आयात करण्याच्या वाटेने घ्यावी आणि त्या स्तंभाला दिवस-महिना-वर्ष असा क्रम सांगावा. दोन मिनिटे जास्त लागतात.

आता भाषेकडे येऊ, कारण मराठी वापरणाऱ्यांची खरी कोंडी इथे आहे. भाषांची आणि प्रदेशांची माहिती पुरवणारा युनिकोडचा एक सामायिक संग्रह आहे आणि बहुतेक आधुनिक प्रणाली त्यावर चालतात. त्यात मराठीसाठी मूळ अंक देवनागरी धरलेले आहेत, हिंदीसाठी आंतरराष्ट्रीय. म्हणजे त्या माहितीवर चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये मराठी निवडली की १२,५०,००० देवनागरीत येते आणि हिंदी निवडली की तीच रक्कम इंग्रजी अंकांत. संविधानाच्या ३४३व्या अनुच्छेदाने संघराज्याच्या कामकाजासाठी भारतीय अंकांचे आंतरराष्ट्रीय रूप ठरवले आहे. महाराष्ट्रात मात्र १९६४च्या राजभाषा अधिनियमाने मराठी राजभाषा झाल्यापासून शासकीय कागद, शाळेची प्राथमिक पुस्तके आणि वर्तमानपत्रे यांत देवनागरी अंक नांदत आले आहेत. मराठीसाठी देवनागरी अंक मूळ धरणे आम्हांला योग्यच वाटते.

पण सगळ्यांना प्रत्येक वेळी तेच हवे असतात असे नाही. मेनू मराठीत हवा, सूचना मराठीत हव्यात, महिने मराठीत हवेत, पण बँकेला आणि करविभागाला द्यायच्या तक्त्यातले अंक आंतरराष्ट्रीय हवेत, असे म्हणणारा दुकानदार किंवा लेखापाल काही विचित्र मागणी करत नाही. प्रमाणकांत याची सोय आहे. भाषा मराठी, प्रदेश भारत आणि अंक आंतरराष्ट्रीय असे तिन्ही वेगवेगळे सांगणारा एकच संकेत लिहिता येतो, चलनही त्यात वेगळे सांगता येते. विंडोजमध्येही रीजनच्या अधिक सेटिंग्जमध्ये कोणते अंक वापरायचे आणि ते कधी, हे निवडण्याची जागा आहे. उणीव आहे ती प्रोग्रॅमच्या पडद्यांवर. तिथे 'भाषा' नावाची एकच यादी असते आणि तीत सगळे बांधलेले असते. मराठी निवडली तर अंकही देवनागरी घ्या, नाहीतर इंग्रजीत राहा. असा पेच समोर आला की माणूस कामाच्या निकडीने इंग्रजी निवडतो. मग मराठीतले प्रोग्रॅम कोणी वापरत नाही, असा निष्कर्ष काढला जातो. तो निष्कर्ष अन्यायाचा आहे, कारण निवड खुली नव्हती.

वास्तविक ही फोड साडेतीन दशकांपूर्वीच विचारात घेतलेली होती. सी भाषेच्या १९८९च्या प्रमाणकात अक्षरांचे प्रकार, वर्णक्रम, पैसे, संख्या आणि वेळ यांच्यासाठी पाच स्वतंत्र वर्ग आहेत. पुढे युनिक्सच्या प्रमाणकाने प्रोग्रॅमच्या संदेशांसाठी सहावा जोडला. लिनक्स वापरणारा आजही संदेश मराठीत, तारीख ब्रिटिश पद्धतीची आणि पैसे रुपयांत अशी रचना करू शकतो. खालच्या थरात सुटे ठेवलेले हे धागे वरच्या थरात एकाच गाठीत बांधले गेले आहेत.

वर्णक्रमाचा उल्लेख आला म्हणून सांगायला हवे की भाषेची निवड नुसती मेनूपुरती नसते. मराठीत ळ, क्ष आणि ज्ञ हे ह नंतर येतात. सभासदांची यादी मराठी क्रमाने लावली तर क्षीरसागर शेवटाकडे जातात. हिंदी क्रमाने लावली तर ते क मध्ये, कुलकर्णींच्या शेजारी मिळतात. लिब्रेऑफिसमध्ये क्रमवारी लावताना भाषा विचारणारी जागा आहे, ती फार थोडे जण उघडतात. मजकुराची भाषा मराठी म्हणून नोंदवली तर योग्य फाँटमध्ये ल आणि श ही अक्षरेही मराठी वळणाची उमटतात. महाराष्ट्र शासनाने २००९च्या शासन निर्णयाने ज्या वळणांचा आग्रह धरला, ती छापील कागदावर येण्यासाठी बहुतेकदा एवढी एक नोंद पुरते.

सगळे नीट विचारणारा प्रोग्रॅम असू शकतो का? आपल्या बाजारपेठेत वापरला जाणारा टॅली हा हिशेबाचा प्रोग्रॅम त्याचे उत्तर आहे. कंपनी उघडताना किंवा बदलताना टॅली चलनाची माहिती एकेक करून विचारतो. चिन्ह कोणते, चलनाचे औपचारिक नाव काय, चिन्ह रकमेच्या आधी की नंतर, मध्ये जागा सोडायची का, रक्कम दशलक्षांत दाखवायची का, दशांश स्थळे किती, दशांशानंतरच्या रकमेला काय म्हणायचे. पडद्याची भाषा त्यापासून वेगळी निवडता येते, मराठीही मिळते. लहानसहान दुकानांत, जिथे संगणकाचे शिक्षण घेतलेले कोणी नाही, तिथेही हे प्रश्न लोकांना समजतात आणि ते बरोबर उत्तरे देतात. वापरणाऱ्याला इतके पर्याय झेपणार नाहीत, असे म्हणून एकच यादी पुढे करणाऱ्यांनी हे पाहावे. प्रश्न त्याच्या धंद्याच्या भाषेत विचारला की माणूस गोंधळत नाही.

प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांकडून आमची अपेक्षा मोजकी आहे. रक्कम साठवताना तिच्यासोबत चलनाचे संकेतनाम साठवावे. भाषा, अंक, चलन आणि तारीख यांसाठी चार वेगळ्या निवडी द्याव्यात, हव्या तर एकाच पानावर. तारीख आत वर्ष-महिना-दिवस या निःसंदिग्ध क्रमाने ठेवावी आणि पडद्यावर वाचणाऱ्याच्या पद्धतीने दाखवावी. महाराष्ट्र शासन, महापालिका आणि सहकारी बँका जेव्हा प्रोग्रॅमची मागणी काढतात, तेव्हा 'मराठीत उपलब्ध असावा' एवढेच न लिहिता या चार निवडी स्वतंत्र असाव्यात, ही अट त्यांनी घालावी. खरेदीदाराने मागितले की पुरवठादार ते देतो.

वाचकांनी मात्र त्यांची वाट पाहत थांबू नये. आपल्या संगणकाचे रीजन सेटिंग आज उघडून पाहावे. एक्सेलच्या रिकाम्या सेलमध्ये १३/०४/२०२५ टाइप करावे, आणि ती डावीकडे चिकटली तर गेल्या काही महिन्यांच्या तारखा पुन्हा तपासाव्यात. परदेशी चलनातला एकही व्यवहार ज्या तक्त्यात आहे, त्यात रकमेशेजारी चलनाचे संकेतनाम लिहिण्यासाठी एक स्वतंत्र स्तंभ ठेवावा, आणि दुसऱ्याला फाइल पाठवण्यापूर्वी तो भरलेला आहे याची खात्री करावी.